सतरंजीचं टोक

आमच्या घरमालकांना सगळं इंदापूर चाचा म्हणतं, म्हणून मीही चाचाच म्हणतो. खाली त्यांचं मंडप डेकोरेटर्सचं दुकान, वर माझं बिऱ्हाड. मी हे लिहितोय आणि खाली ते कुठल्याशा नवरीच्या बापाशी हुज्जत घालताहेत.

"सोफा मिळणार न्हाय. खुर्ची मिळंल. लईच हौस आसंल तर अकलूजवरनं आणा."

"आवो चाचा, पाव्हणं काय म्हणतील?"

"पाव्हण्यास्नी म्हणावं, लग्नाला आलायसा का राज्याभिषेकाला?"

हा आवाज मध्ये बरेच महिने या घरात नव्हता. तो नव्हता याला जी कारणं होती, त्यातलं एक मी होतो. आता तो ऐकू येतो तेव्हा मी हातातलं काम थांबवतो, भांडण संपेपर्यंत ऐकतो आणि मग श्वास सोडतो. बायको म्हणते, "अहो, दुसऱ्याची भांडणं ऐकून एवढं बरं वाटणारा माणूस मी पाहिला नाही." तिला कारण माहीत आहे. तरी म्हणते.

चाचांच्या गोदामात पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, सगळ्या एकाच साच्यातल्या. लाल मखमलीची, सोनेरी पायांची ती मोठी खुर्ची आता गल्लीतल्या वाढदिवसालाही लागते. ती त्यांनी कधी घेतली नाही. कारण विचारलं तर दर वेळी वेगळं सांगायचे. एकदा म्हणाले, मोठ्या खुर्चीत माणूस टेकून बसतो, टेकला की डुलकी घेतो, मग भाषण करणाऱ्याला वाईट वाटतं. एकदा म्हणाले, टेम्पोत तिला जागा लई लागती. सप्ताह असो, उरूस असो, कुणाच्या निवडणुकीची सभा असो, कापड तेच, दोर तोच, खुर्ची तीच.

मंडप उभा राहिला की ते स्वतः शेवटच्या कोपऱ्यात जाऊन खाली बसत आणि मान लांब करून स्टेजकडे बघत. मध्ये खांब आला तर खांब हलवायला लावत. गडी वैतागत. "चाचा, तितं कोण बसणार हाय?" चाचा म्हणत, "कोणतरी बसंलच की. आन् जो बसंल, त्याला तरी काय दिसायचं?"

पण त्यांचा खरा जीव सतरंज्यांवर. निळ्या-लाल पट्ट्यांच्या, जाडजूड, कोपऱ्यावर दुकानाचं नाव पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. माणूस उघड्या जमिनीवर बसलेला त्यांना बघवत नसे. मयताच्या घरी सतरंजी न मागता जायची आणि तिचं भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. एकदा ते कळसच्या एका लग्नाचं सामान घेऊन निघाले होते, मीही टेम्पोत होतो. वाटेत एसटी बंद पडलेली. बायाबापड्या, लेकरं, कडेच्या फुफाट्यात बसलेली. चाचांनी टेम्पो थांबवला आणि लग्नाच्या सतरंज्या बाभळीखाली अंथरल्या. दुसरी गाडी येईस्तोवर आम्ही तिथेच. कळसला पोचलो तर नवऱ्याचा मामा अंगावर आला. चाचा शांतपणे म्हणाले, "तुमचं लगीन आजून लागायचंय. त्यांची यष्टी मोडून झाली हुती."

सतरंजी अंथरायला एक माणूस पुरतो, घडी घालायला दोघं लागतात. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि मग एकमेकांकडे चालत यायचं. मी नवीन भाडेकरू असताना पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हाक मारली, "मास्तर, धर टोक." मी शाळेत शिकवतो, म्हणून मास्तर. मी टोक धरलं, त्यांनी ताण दिला, आणि नेमका माझा फोन वाजला. मी टोक सोडून खिशात हात घातला. चाचा मागच्या मागे पाठीवर आपटले. उठले, धूळ झटकली आणि म्हणाले, "टोक धरलं की धरलं. फोन येऊ दे न्हायतर यम येऊ दे." त्यानंतर रोज संध्याकाळी शाळेतून आलो की मी खाली जाऊन त्यांच्यासमोर टोक धरायला लागलो. गडी असले तरी दुसरं टोक माझं. त्या वेळात आम्ही फार बोलत नसू. गावातला मोठा माणूस मला 'तू' म्हणून हाक मारतो, यातच मला खूप काही मिळत होतं.

आता ज्यांच्यामुळे सगळं झालं त्यांच्याविषयी. बावड्याकडचे एक पुढारी आहेत, लोक त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्या एका सत्काराला मंडप चाचांचा होता. तात्यांच्या माणसांनी मोठी खुर्ची सांगितली होती, चाचांनी आपली पांढरी ठेवली. तात्या देहाने भरलेले. हार घ्यायला उठले तर खुर्चीचे हात कमरेला घट्ट बसलेले, खुर्ची त्यांच्यासोबत उठली. ते नमस्कार करताहेत आणि मागे खुर्ची लोंबतेय, असा व्हिडिओ बारामतीपर्यंत फिरला. चाचा दुसऱ्या दिवशी मुद्दाम भेटायला गेले. म्हणाले, "तात्या, पुढच्या टायमाला बिनहाताची देतो." हे ते मनापासून म्हणाले होते. तात्यांना तो टोमणा वाटला.

पुढे आमच्या तालुक्यातल्या एका स्टेशनावरचा पॅसेंजरचा थांबा बंद झाला. त्या गाडीने नोकरीला जाणारे होते, पुण्याला दवाखान्यात जाणारे होते. आम्ही प्रवाशांची समिती केली, मी तिचा चिटणीस. रूळांवर बसायचं ठरलं. सगळ्या पक्षांचे लोक आले, तात्यांचे पुतणेसुद्धा. ऊन कडक होतं, म्हाताऱ्या बायका खडीवर बसायला लागल्या, आणि मी चाचांना फोन केला. ते स्वतः टेम्पो घेऊन आले. सतरंजी खांद्यावर घेऊन फलाटावरून उतरले, रूळांवर अंथरली, टोकं ताणली आणि सवयीने मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

"काय बघताय चाचा?" कुणीतरी विचारलं.

"हितनं गाडी दिसती का बघतोय."

गाडी थोडा वेळ थांबली, घोषणा झाल्या, निवेदन दिलं, पोलिसांनी आम्हाला उचललं आणि सोडलं. सगळ्यांवर गुन्हे दाखल झाले. पुढे सरकारने राजकीय आंदोलनांतले गुन्हे मागे घेतले, त्यात आमचे सगळ्यांचे गेले. चाचांचा राहिला. त्यांच्यावर रेल्वेच्या कायद्याखाली वेगळा गुन्हा नोंदवला होता: गाडी अडवण्यासाठी रूळांवर वस्तू टाकली. वस्तू म्हणजे सतरंजी. रेल्वे पोलिसांना तिच्या कोपऱ्यावरचं नाव वाचून दाखवायला तात्यांचा कोणता माणूस गेला होता, ते सगळ्या इंदापूरला ठाऊक होतं. जे राजकारण करत होते त्यांचा गुन्हा राजकीय ठरून सुटला. चाचांनी आयुष्यात कधी कुठल्या पक्षाचा रुमाल गळ्यात घातला नव्हता, त्यामुळे त्यांचा गुन्हा राजकीय नव्हता.

मी रेल्वे पोलिसांकडे गेलो. म्हणालो, सतरंजी मी मागवली, मलाही धरा. साहेब चांगले होते. चहा पाजला. म्हणाले, "सर, तुम्ही शिक्षक माणूस. तुमचं नाव वरून आलेलं नाही." मी पुन्हा गेलो. त्यांनी पुन्हा चहा पाजला.

खटला बारामतीला चालला. आमच्या वकीलबाईंनी मला बचावाचा साक्षीदार केलं. बजावून सांगितलं, "सतरंजी तुम्ही मागवली, एवढंच सांगायचं. विचारलं त्याचंच उत्तर." मी एवढंच सांगितलं. मग सरकारी वकिलांनी अगदी सहज विचारलं, "बरं. मग रूळांवर ती कुणी टाकली?"

गर्दी होती, माझी पाठ होती, दिसलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, चाचा कसा माणूस आहे हे न्यायाधीशांना कळायला हवं. मी म्हणालो, "चाचांनी. स्वतःच्या हातांनी. मला म्हणाले, सुरकुती राहिली तर बाया अडखळतील, म्हणून टोकं धरून नीट ताणून टाकली."

सरकारी वकील आभार मानून खाली बसले. वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. निकालपत्रात माझं ते वाक्य जसंच्या तसं आलं. आरोपीने काळजीपूर्वक आणि जाणीवपूर्वक, असं त्याच्या पुढे लिहिलेलं होतं. एक वर्षाची शिक्षा झाली. अपिलासाठी जामीन मिळाला, म्हणून त्या दिवशी आम्ही टेम्पोतून सगळे परत आलो. वाटेत चाचांनी गाडी थांबवून सगळ्यांना भेळ घेतली. मलाही पुडी दिली. म्हणाले, "खरं बोललासा, चांगलं केलं."

'बोललास' नव्हे, 'बोललासा', हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मी सवयीने खाली गेलो, टोक धरायला वाकलो. चाचा म्हणाले, "मास्तर, तुमी ऱ्हाऊ द्या." आणि गड्याला हाक मारली.

त्यानंतर ते मला 'तुमी'च म्हणत राहिले. ईदला शीरखुर्मा वर आला, भाडं वाढवलं नाही, पाणी गेलं तर स्वतः मोटार चालू करायला आले. पण टोक गड्याच्या हातात. मी जिन्यात उभा राहून बघायचो. माणूस रागावला असता तर मी माफी मागितली असती. ते रागावलेच नाहीत. त्यांनी फक्त मला पाहुण्यासारखं वागवायला सुरुवात केली.

अपील फेटाळलं गेलं. पुण्याच्या तुरुंगात जायचं त्या सकाळी त्यांनी गड्यांना ताडपत्री कुठली आधी वापरायची ते सांगितलं आणि चाचींना म्हणाले, "कुणी मखमलीची खुर्ची इकायला आला तर हाकलून दे." बस्स.

मग मला झोप लागेना. बायकोच म्हणाली, वकीलबाईंना विचारा, वर कुठे अर्ज करता येतो का. वकीलबाई म्हणाल्या, येतो. राज्याच्या कायद्यातला गुन्हा असता तर राज्यपालांकडे. रेल्वे केंद्राची, म्हणून राष्ट्रपतींकडे. मी अर्जाचा मसुदा घेऊन तुरुंगात भेटायला गेलो. जाळीपलीकडे चाचा वाळल्यासारखे दिसत होते, पण दाढी नीट कातरलेली.

"डायरेक्ट दिल्ली?" ते म्हणाले. "बारामती झाली, पुणं झालं. बरं चाललंय माझं."

"सही करा चाचा. फक्त माफी मागायची आहे."

त्यांनी मसुदा वाचायलाही घेतला नाही. "सतरंजी टाकल्याची? म्हंजे उद्या कुणी खडीवर बसलं तर मी टाकायची न्हाय व्हय?" मग अगदी मायेने म्हणाले, "माफी तुमाला पायजे मास्तर. मला न्हाय."

मी मसुदा घडी करून खिशात घातला. वेळ संपत आली होती. शेवटी तेच म्हणाले, "मागायची तर तुमच्या नावानं मागा. माझ्या नावानं नगं."

वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अर्ज कैद्यानेच करायला हवा असं नाही, कुणीही करू शकतं. एसटीतच मी नवा मसुदा लिहिला. त्याची सुरुवात अशी होती: आम्ही, चाचांच्या सतरंजीवर कधी ना कधी बसलेली माणसं, विनंती करतो की.

मला वाटलं होतं सह्या मागाव्या लागतील. पण हे एक वाक्य वाचून लोक थांबायचे आणि आपण कधी बसलो होतो ते सांगायला लागायचे. बावड्याच्या एका बाईने सहीआधी समासात लिहिलं, लेकीच्या लग्नात वादळ आलं, चाचांनी खांब मिठी मारून धरला. बारामतीजवळच्या माळेगावला कारखान्यावर ऊस घेऊन आलेल्या एका गाडीवानाने अंगठा दिला; तो त्या बाभळीखालच्या एसटीतला निघाला. कळसच्या एका आबांनी आधी वर कुणाची सही आहे ते बघितलं. भावकीतल्या माणसाची दिसली. म्हणाले, "त्याच्या खाली मी करणार न्हाय." मग नवा कागद घेतला, त्यावर सगळ्यात वर आबा. अर्ज रजिस्टर पोस्टाने दिल्लीला गेला.

मग एक दिवस शाळेच्या पत्त्यावर दिल्लीचं पाकीट आलं. पाकिटावर तीन सिंहांची मुद्रा. ते आमच्या शिपायाने घेतलं आणि मी वर्गात शिकवत असताना बाहेर चहाच्या टपरीवर दाखवलं. तास संपवून मी पाकीट फोडलं. आत इतकंच होतं की आपला अर्ज मिळाला असून संबंधित मंत्रालयाकडे पाठवला आहे.

शाळा सुटून चौकात आलो तर फ्लेक्स लागलेला. तालुक्यातल्या मंडपवाल्यांनी मिळून लावलेला. 'चाचांना राष्ट्रपतींची माफी. हार्दिक अभिनंदन.' मी त्याच्याखाली उभा होतो आणि पत्र माझ्या खिशात होतं. लोक येऊन माझ्या हातात हात देत होते. शिपायाने फक्त सिंह दाखवले होते, बाकीचं गावाने स्वतः वाचलं होतं.

सकाळी समोरच्या बाजूला दुसरा फ्लेक्स. पहिल्याच्या दुप्पट. त्यावर तात्या हात जोडून, पायापासून डोक्यापर्यंत. चाचांचा फोटो कोपऱ्यात, आधार कार्डावरचा. 'आमच्या अथक पाठपुराव्याला यश.' ज्यांनी गुन्हा लावला त्यांनीच पाठपुरावा केला, हे वाचून चौकात कुणी हसलंसुद्धा नाही. उलट हार घेऊन गाड्या बावड्याकडे निघाल्या.

मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "मी जाऊन सगळ्यांना सांगतो. असं काही झालेलं नाही."

ती पोळ्या लाटत होती. "एकदा तुम्ही खरं बोललात, चाचा आत गेले. आता कुणापुढे बोलायचं ते तरी ठरवून बोला."

मी सगळ्यांना सांगितलं नाही. बावड्याला गेलो. तात्या ओसरीवर बसले होते, गळ्यातले हार काढून शेजारी ठेवलेले. पेढ्यांचे बॉक्स. मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

"तात्या, हे माफीचं नाही. अर्ज पोचल्याचं आहे."

त्यांनी पत्र वाचलं. उलटं करून मागची बाजू बघितली. "मागं काय न्हाय?"

"नाही."

"आन् मग फ्लेक्स?"

"चौकातला पहिला मंडपवाल्यांचा. दुसरा तुमचा."

त्यांनी आपल्या माणसाकडे पाहिलं. त्याने गोठ्यातल्या म्हशीकडे पाहिलं.

"हे आनखी कुणाला म्हाईत हाय?"

"मला, बायकोला आणि वकीलबाईंना."

"माळेगावात पेढं वाटल्यात मी मास्तर. ट्रॅक्टर थांबवून थांबवून वाटल्यात." त्यांनी कपाळ पुसलं. "फ्लेक्स उतरवला तर?"

"लोक विचारतील का उतरवला."

"न्हाय उतरवला तर?"

"लोक विचारतील चाचा कुठायत."

"मग आता?"

"आता माफी आणावी लागेल," मी म्हणालो. हे मी धाडसाने वगैरे म्हणालो नाही. मला दुसरं काही सुचलं नाही.

तात्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "अर्जाची नक्कल हाय का?" माझ्याजवळ होती. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि तिथेच थांबले. मला वाटलं, चष्मा हवा असेल. पण ते म्हणाले, "आमचं वडील गेलं तवा मी ह्या ओसरीवर त्याच्याच सतरंजीवर बसलो हुतो. सावडून झालं तरी बसून हुतो. न्यायला आला आन् मला बघून तसाच माघारी गेला. म्हणला, ऱ्हाऊ द्या आजून." नक्कल त्यांनी मांडीवर ठेवली. "त्यो खुर्चीचा व्हिडिओ बघून माझी नातवंडंबी हसतीत, मास्तर. तुमाला सांगतो."

सहीसाठी त्यांनी पेन मागितलं. त्याच नकलेवर सही केली आणि शिफारसीचं वेगळं पत्र आपल्या माणसाकडून टाइप करून घेतलं. पुढे त्यांनी कुणाकुणाला गाठलं मला ठाऊक नाही, विचारलंही नाही. ज्या हाताने खटला लावला त्याच हाताने सुटका मागितली, तीही फ्लेक्सची लाज राखायला. यात न्याय किती आणि सोय किती, हा हिशेब मला अजून जमलेला नाही. पण त्या दिवशी बावड्याहून परतताना, साक्ष दिल्यापासून पहिल्यांदा, मला खरं बोलल्याचं बरं वाटलं होतं.

पुढच्या भेटीत मी चाचांना सांगितलं. ते जाळीला कान लावून ऐकत होते. सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "सही करताना तात्या कुठल्या खुर्चीत बसलं हुतं?"

"खालीच बसले होते. ओसरीवर."

"व्हय?" चाचा म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

पावसाळा सरताना वकीलबाईंचा फोन आला. उरलेली शिक्षा माफ. मी वर्गात होतो, मुलांना म्हणालो, धडा वाचत बसा, आणि मैदानाच्या कडेला जाऊन लिंबाला टेकून उभा राहिलो. मला रडायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फक्त भूक लागली, खूप, कितीतरी महिन्यांत लागली नव्हती तशी.

तुरुंगाच्या दारात चाचांनी वकीलबाईंना विचारलं, "म्हंजे गुन्हा पुसला?"

"नाही चाचा. उरलेली शिक्षा सोडली. गुन्हा आहे तसाच आहे."

"झाक. न्हाय केला त्यो तसाच ऱ्हाऊ दे."

सत्कार आमच्या शाळेच्या मैदानावर ठरला. मंडप बाकीच्या मंडपवाल्यांनी घातला, चाचांना हात लावू दिला नाही. मी त्या दिवशी सकाळी बारामतीला कोर्टात जाऊन, मुद्देमाल म्हणून ठेवलेली ती सतरंजी चाचांच्या सहीचा कागद दाखवून सोडवून आणली. घुशीने एक कड कुरतडलेली, कोपऱ्याला लाखेचा शिक्का आणि चिठ्ठी तशीच. ती कुठे ठेवावी ते मला कळेना, म्हणून गठ्ठा घेऊन मी मंडपात सगळ्यात मागे उभा राहिलो.

चाचा स्टेजवर चढले. मधोमध लाल मखमलीची, सोनेरी पायांची खुर्ची. अकलूजवरून आणलेली. शेजारी तात्या, पांढऱ्या खुर्चीत, बिनहाताच्या.

"ही कुणाची?" चाचांनी विचारलं.

"तुमचीच चाचा. आज तुमचा मान."

"माझ्याकडं आसलं न्हाय." ते पायऱ्या उतरले, खुर्च्यांच्या रांगांमधून चालत मागे आले, माझ्या हातातून गठ्ठा घेतला, माझ्याकडे न बघता उलगडला, टोकं ताणली आणि शेवटच्या कोपऱ्यात मांडी घालून बसले. मान लांब करून स्टेजकडे पाहिलं. मग मोठ्याने हाक मारली, "तात्या, वाईच हितं या. हितनं दिसतंय का बघा."

सगळा मंडप मागे वळला. फोन वर झाले. तात्यांनी उपरणं सारखं केलं, स्टेज उतरून आले आणि गुडघ्यावर हात ठेवत, दम घेत सतरंजीवर बसले. त्यांनीही मान लांब केली.

"दिसतंय," तात्या म्हणाले.

"झालं मग. करा सुरू."

भाषणं झाली. सगळी रिकाम्या मखमली खुर्चीपुढे झाली. मी खांबाला टेकून ऐकत होतो. चाचा आणि तात्या मध्येच काहीतरी कुजबुजत होते. काय ते मला कधी कळलं नाही. एकदा तात्या हसले तेव्हा सतरंजी हलली.

लोक गेले. उन्हं उतरली होती. तात्यांची गाडी गेली. गडी खुर्च्या एकात एक घालत होते. चाचा उठले, गुडघे चोळले, सतरंजीच्या कडेला जाऊन वाकले आणि दोन टोकं उचलली. घुशीने खाल्लेली कड त्यांच्या बाजूला होती. मी गड्याला हाक मारायला मान वळवली.

"मास्तर," चाचा म्हणाले.

मी थांबलो.

"कुठं बघतोस? धर टोक."

मी धरलं. त्यांनी ताण दिला. धूळ उडाली, लाखेचे तुकडे उडाले. खिशातला फोन वाजायला लागला, बायकोचा असणार, जेवायला दोघेही येताय ना म्हणून. वाजत राहिला.

"वाजतोय," चाचा म्हणाले.

"वाजू दे."

आणि आम्ही एकमेकांकडे चालायला लागलो.